अंगणाचं देणं

आमच्या वाईच्या घराच्या अंगणात पाऊस पडला की पाणी कुठून निघतं, कुठे वळसा घेतं आणि कुठल्या दोन दगडांमधून खाली उतरतं, हे मी डोळे मिटून सांगू शकते. ही माहिती माझ्या घरची नव्हे. एका वडार मिस्त्रीकडून आणि त्याच्या बायकोकडून ती मी उसनी घेतली, आणि ती उसनवारी अजून फिटलेली नाही. घर वडिलोपार्जित म्हणून लोक मला नशीबवान म्हणतात. भिंती आजोबांच्या, कौलं वडिलांनी बदललेली, सगळं खरं. पण आज पायाखाली जे आहे ते अण्णा आणि अक्कांमुळे आहे. ते नसते तर इथे सिमेंटच्या पेव्हर ब्लॉकची लाल-करडी नागमोडी नक्षी असती, आणि तिच्याकडे ढुंकूनही न बघता मी आत-बाहेर करत असते.

आधी आल्या अक्का. डोक्यावर पाटी, पाटीत छिन्नी-हातोडी, आणि गल्लीच्या तोंडापासून ऐकू येणारी हाक : ‘‘टाकी लावायची का, टाकीऽऽ!’’ आमचा पाटा गुळगुळीत झाला की आईचं मसाल्याशी भांडण सुरू व्हायचं आणि ती अक्कांची वाट बघायची. अक्का ओसरीच्या सावलीत बसून पाटा दोन पायांत धरायच्या आणि टकटक करत असे सारखे ठिपके पाडायच्या, की बघत राहावं. मजुरी ठरलेली, वर चहा आणि रात्रीची भाकरी असेल ती. वडार मंडळींची घरची बोली तेलुगूच्या वळणाची. त्यामुळे नवऱ्याला सगळी वस्ती अण्णा म्हणे आणि त्यांना अक्का. आम्हीही तेच म्हणू लागलो. आई त्यांची वैनी झाली, आणि मी कन्याशाळेत शिकवायला लागल्यापासून बाई.

एकदा पाट्याला टाकी लावता लावता हातोडी थांबवून अक्का म्हणाल्या, ‘‘वैनी, तुमचं अंगन फुगलंय बगा. घरधन्याला लावून देऊ का?’’

अंगण खरंच फुगलं होतं. मूळची फरसबंदी काळ्या दगडाची. दख्खनचा हा पाषाण म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरत गोठलेला लाव्हा. वाईचे घाट, देवळं, वाड्यांची जोती, सगळं त्याचंच. आमच्याकडचे दगड वीतभर जाडीचे, वरून तासलेले, खाली तसेच ओबडधोबड. दोन दगड एका मापाचे नाहीत. मधूनच एखाद्यात पांढरे, काचेसारखे चमकणारे ठिपके दिसतात. ते झिओलाइट. लाव्ह्यातल्या वायूच्या पोकळ्यांमध्ये ही खनिजं साठत गेली, आणि आपल्याकडचे असे नमुने जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. न्हाणीच्या बाजूला मागाहून टाकलेल्या शहाबादी फरश्या होत्या. वडिलांनी कधीतरी, गवत उगवतं म्हणून, सगळ्या दरजा सिमेंटनं भरून घेतल्या. पहिली काही वर्षं अंगण अगदी छापील दिसलं. मग चैत्राच्या उन्हात दगड तापायचे, रात्री निवायचे, आणि न हलणाऱ्या सिमेंटला केसासारख्या भेगा पडायच्या. त्यातून पाणी आत जायला लागलं. बाहेर यायला मात्र त्याला जागा नव्हती. खालचा मुरूम कुठे धुपला, कुठे भिजून फुगला. काही दगड खचले, काही वर आले आणि कडांना पांढरा लोणा धरला. वडील गेल्यावर भावानं पुण्याहून एक ठेकेदार आणला. त्यानं जागच्या जागी हिशेब करून सांगितलं, हे सगळं उखडून टाकू, ब्लॉक बसवू, दगडाचं गिऱ्हाईकही मीच बघतो.

अक्कांच्या त्या बोलण्यानंतर अण्णा आले ते दुसऱ्याच दिवशी. बारीक अंगकाठी, डोक्याला मळकं मुंडासं, छिन्नीची कपची लागून डाव्या डोळ्याची पापणी थोडी खाली आलेली. बोलले काहीच नाहीत. आईकडे बादलीभर पाणी मागितलं आणि ते तुळशी वृंदावनापाशी हळूहळू ओतलं. ते कुठे साचतंय, कुठे शिरतंय हे उकिडवं बसून बघत राहिले. पुन्हा एक बादली. पुन्हा एक. भावाला वाटलं, म्हातारा वेळ काढतोय.

शेवटी म्हणाले, ‘‘दगूड काय बिगाडलेला न्हाई. त्येचं तोंड बांदलंय, ते सोडलं पायजे.’’

पहिलं काम सिमेंट काढायचं. अण्णांनी ग्राइंडर आणू दिला नाही. चकती एकदा घसरली की दगडाला कायमची चीर पडते, असं त्यांचं म्हणणं. बारीक छिन्नीनं, दगडाच्या कडेला धक्का न लावता, ते दरज न दरज मोकळी करत गेले. नाकातोंडाला ओलं उपरणं बांधलेलं असे, तरी संध्याकाळी खोकत. खोकला मी तेव्हा कामाचाच भाग समजत होते. वर-खाली झालेले दगड पहारीनं उचलले, आणि उचलण्याआधी प्रत्येकावर खडूनं एक खूण केली. अक्षर त्यांना येत नव्हतं. बाण, फुली, अर्धचंद्र, दोन टिंबं अशी त्यांची स्वतःची लिपी होती. कुठला दगड कुठला, कुठली बाजू वाड्याकडे, हे त्यांना त्यावरून कळायचं. खडू माझ्या शाळेचे. मी सुटीत वर्गातले तुकडे गोळा करून आणायची आणि अण्णा ते औषधासारखे जपून वापरायचे.

खालचा मुरूम काढून, नवा टाकून, पाणी मारून धुमसानं ठोकला. मग दोरी. भिंतीकडून गटाराकडे पाच फुटांना इंचभर उतार. तो डोळ्यांना दिसत नाही, पाण्याला मात्र बरोबर कळतो. भावानं विचारलं, ‘‘लेव्हलमध्ये का नाही करत?’’ अण्णांनी उत्तर दिलं नाही. रविवारी त्याला ढोल्या गणपतीच्या घाटावर घेऊन गेले. मीही मागोमाग. हे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 मध्ये बांधलं, आणि त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, म्हणजे कृष्णेला पूर आला की पाणी तिथे दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जातं. शाळेच्या सहलीत मी हे मुलींना कितीदा सांगितलं असेल. अण्णांनी भिंतीच्या त्या टोकावर तळहात ठेवला आणि भावाला म्हणाले, ‘‘ह्यो बी कारागीरच हुता. पान्याम्होरं छाती काढून हुबा ऱ्हायला न्हाई.’’ ठेकेदाराचा विषय त्या दिवशी मिटला.

धुण्याचं काम अक्कांचं. त्यात क्रम महत्त्वाचा आणि तो त्यांनी मला हाताला धरून शिकवला. लोणा आधी कोरडाच घासून काढायचा आणि ती भुकटी केरसुणीनं भरून बाहेर टाकायची, कारण पाणी मारलं की तो विरघळून पुन्हा दगडात शिरतो. शेवाळ लाकडी फळीनं खरवडायचं. तारेचा ब्रश काळ्या दगडाला नको, त्याची तार तुटून अडकते आणि पावसात गंजाचे डाग उठतात. मग कढत पाणी, धुण्याचा सोडा आणि खराटा. तेलाच्या डागांवर त्यांचा उपाय वेगळा होता. खडूची पूड सोड्याच्या पाण्यात दाट कालवून डागावर थापायची, रात्रभर प्लास्टिकनं झाकायची, सकाळी उघडी टाकून सुकू द्यायची. सुकताना ती डाग वर ओढून घेते. जुना डाग एका वेळेत जात नाही, पुन्हा थापायचं. आमच्या पापड-कुरडयांच्या जागचा एक डाग मात्र शेवटपर्यंत पुसट राहिलाच. अक्का त्याला ‘वैनीचा डाग’ म्हणायच्या.

भावानं न्हाणीजवळच्या फरश्यांसाठी संडास साफ करायच्या ॲसिडची बाटली आणली होती. अण्णांनी शहाबादीचा एक फुटका तुकडा घेतला, त्यावर थेंब टाकला. तो फसफसला. फेस ओसरल्यावर तिथे पांढरट, खरबरीत खळगा. तोच थेंब काळ्या दगडावर टाकला तर काही झालं नाही. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, भीमेच्या खोऱ्यातला, कलबुर्गी जिल्ह्यातून येणारा. ॲसिड त्याला खातंच. कोटा आणि कडप्पा यांचीही तीच जात, म्हणून ओट्यावर लिंबू सांडलं की चकाकी जाते. काळा दगड वरून गप्प राहिला तरी त्यात लोह असतं, ॲसिडनं तो तांबूस पडू शकतो. रसायनशास्त्र मी बारावीला शिकले होते. पण चुनखडीवर आम्लाची क्रिया ही गोष्ट माझ्या पायाखाली चालू आहे, हे त्या थेंबानं दाखवलं. पुढे कित्येक वर्षं मी तोच तुकडा आमच्या विज्ञानाच्या बाईंना वर्गासाठी देत असे.

मग वाळू. इथे अण्णा फार हट्टी. पहिली गाडी त्यांनी परत पाठवली. काचेच्या ग्लासात मूठभर वाळू टाकून पाणी भरलं, हलवलं, ठेवलं. खाली वाळू बसली आणि वर गढूळ मातीचा जाड थर. ही माती दरजेत गेली की तिच्यात गवत रुजतं आणि पाणी अडतं. त्यांना हवी होती भरड, खरखरीत, कोनाकोनाची वाळू. नदीची वाळू मिळणं पुढे दुरापास्त झालं तेव्हा ते खडीमशिनची क्रश सँड घ्यायला लागले, पण तीही धुऊन, वाळवून, चाळून. अक्का ताडपत्रीवर ती पसरायच्या आणि दिवसभर हातानं खालीवर करायच्या. ओली वाळू दरजेच्या तोंडाशीच चिकटते, खाली उतरत नाही. वरून भरल्यासारखी दिसते आणि आत पोकळ.

झाडायची तिरकी. दरजेच्या बाजूनं झाडलं तर खराटा भरलेली वाळूच उपसून नेतो. एक फेरी झाली की दगडावर लाकडाचा ओंडका ठेवून हातोड्यानं ठोकायचं, वाळू दणक्यानं खाली बसली, की पुन्हा भरायची. असं भरत, ठोकत, भरत. शेवटी पाण्याचा हलका फवारा, आणि दुसऱ्या दिवशी जिथे खड्डे पडले असतील तिथे परत. वाळूची पातळी दगडाच्या कडेपेक्षा गव्हाच्या दाण्याइतकी खाली ठेवायची, म्हणजे ती पायांनी उडत नाही आणि दगडाची कड उठून दिसते.

मी एकदा विचारलं, ‘‘अण्णा, वाळू तर सुटी. मग दगड हलत कसे नाहीत?’’ त्यांनी ओंजळ पुढे केली, तिच्यात वाळू घेतली आणि मला म्हणाले, दाबा. दाबली. कण एकमेकांत अडकून घट्ट. ओंजळ उघडली तर पुन्हा सुटे. एका दगडावर वजन आलं की कणांच्या घासणीतून ते शेजारच्यांवर जातं, आणि जमीन थोडी हलली तर कणही सरकून नव्यानं बसतात. पेव्हर ब्लॉकवाले ज्याला इंटरलॉकिंग म्हणतात त्याचा अर्धा भाग हाच, आणि त्या ब्लॉकच्या जाहिरातीत वाळूचं नाव सहसा नसतं. याचा मला आजही थोडा राग आहे.

माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते. तिच्या मागच्या अंगणातही दगड आहेत. तिकडे दरजेत पाणी गोठतं आणि गोठताना साधारण 9 टक्क्यांनी फुगतं, म्हणून ती पॉलिमेरिक वाळू भरते. तिच्यात चिकटणारं रसायन असतं, बारीक फवारा मारला की ते धरतं. दगडावर राहिलेली धूळ आधी नीट झाडली नाही तर तीही तिथेच चिकटते आणि पांढुरका पडदा येतो. फोनवर तिनं फोटो दाखवले. अण्णांनी ते लांब धरून बघितले, म्हणाले, ‘‘बर्फ पडत आसंल तर करावंच लागंल. पर यांचा उतार चांगला हाय.’’ तिला मी हे कळवलं तेव्हा तिच्या नवऱ्याला फार आनंद झाला. तो उतार त्यानं स्वतः काढला होता.

दगडाला वरून काही लावायचं का, हा आमच्या घरातला सर्वांत लांबलेला वाद. भावाला चकचकीत हवं होतं. एका वर्षी अण्णा कामासाठी कोल्हापूरकडे गेलेले असताना त्यानं एका दुकानातून चमक आणणारं सीलर आणलं आणि भाद्रपदातली उघडीप बघून माणसं लावून मारून घेतलं. दोन दिवस अंगण सिनेमातल्यासारखं दिसलं. मेणवलीचा नाना फडणवीसांचा घाट इथून जवळच आहे, तिथे चित्रीकरणं होतात, शेजारी येऊन म्हणाले, आता तुमच्याकडेही होईल. मग पुन्हा पाऊस आला. दगडाच्या पोटातली ओल बाहेर पडेना, वरच्या थराखाली दुधाळ ढग उठले, कुठे पापुद्रे. आई पाय घसरून पडता पडता वाचली. दुकानदार म्हणाला, माल चांगला आहे, तुमचा दगडच ओला होता. ते खरंच होतं, फक्त विकताना त्यानं ते सांगितलं नव्हतं.

अण्णा परत आले, अंगणात उभे राहिले. मी मान खाली घालून चहा पुढे केला. त्यांनी चहा घेतला, एका पापुद्र्याखाली नख घातलं आणि विचारलं, ‘‘थिनर कुटं मिळंल?’’ एवढंच. मार्गशीर्ष उजाडेपर्यंत थांबले, दगड आतपर्यंत सुकू दिले. मग दोघं नवरा-बायको फडकी आणि थिनर घेऊन दगडामागून दगड पुसत गेले. वास असा, की शेजारची मुलं नाकं धरून पळायची. काम संपल्यावर आईनं मजुरी पुढे केली. अण्णांनी थिनरचे पैसे मोजून घेतले आणि बाकीचे परत तिच्या हातात ठेवले. ‘‘ह्ये काम मी बांदलंच न्हवतं, वैनी. दगूड माझा वळकीचा हुता.’’

आई दिवसभर तेच बोलत राहिली. तिचा स्वभाव हिशेबी, कुणाचं काही राहिलेलं तिला चालत नसे. तिनं ते पैसे एका पाकिटात घालून देवघरात ठेवले. ‘अण्णांचे’ असं वर लिहिलं. त्यांनी ते कधी घेतले नाहीत.

पुढे एक चांगला माणूस भेटला, साताऱ्यात रसायनं विकणारा. आत जिरणारं, वर थर न करणारं सीलर त्याच्याकडे मिळतं. पण त्यानं आधी विचारलं, दगड कोणता? हा माल दगडातल्या सिलिकाला धरतो, म्हणून काळ्या दगडाला चालेल, पण शहाबादी चुनखडीची, तिथे तितका भरवसा नको. अण्णांना हे मनापासून पटलं, कारण कुणीतरी आधी दगडाची जात विचारली होती. तरी परीक्षा त्यांनी त्यांच्या पद्धतीनं घेतली. उरलेल्या तुकड्यावर लावलं, आठवड्यानं त्यावर पाण्याचा थेंब. साध्या तुकड्यावर थेंब पसरून दगड गडद झाला. लावलेल्यावर मण्यासारखा उभा राहिला. मग तेलाचा थेंब, मग हळदीचं पाणी. सगळं बघून म्हणाले, ‘‘स्वयंपाकघराच्या दारात लावा. बाकी अंगनाला गरज न्हाई.’’ काळा दगड मुळात घट्ट, पाणी फार पीत नाही. तिथेच लावलं, पातळ हातानं. जे दगडानं घेतलं नाही ते लगेच पुसून काढलं. पैसे त्यामुळे किती वाचले ते भावानं हिशेब करून सांगितलं आणि पहिल्यांदाच अण्णांना नमस्कार केला.

अण्णांची छाती शेवटी त्या धुळीनंच धरली. दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा ते खाटेवर बसून खिडकीबाहेरच्या आवारातल्या फरश्या बघत होते. मला म्हणाले, ‘‘उतार उलटा दिलाय.’’ खरंच, जिन्याच्या पायरीशी पाणी तुंबलेलं होतं. पंधरवड्यानं ते गेले.

आईनंतर देवघर आवरताना ते पाकीट हाती लागलं. मी त्यात भर घालून अक्कांकडे घेऊन गेले. त्यांनी नोटा मोजल्या. मूळ किती, वर किती, ते विचारून घेतलं. म्हणाल्या, त्यानं सोडलेलं मी कशी घेऊ? वरचे मात्र ठेवून घेतले, कारण त्यांच्या मते ते माझे होते, आणि ‘‘तुमच्याकडनं घ्यायला मला काय लाज?’’ परत आलेले पैसे अजून त्याच पाकिटात आहेत. शाळेतल्या मुलींच्या वह्यांना द्यावेत असं कितीदा मनात येतं, मग वाटतं, हा तर सुटकेचा मार्ग झाला. तशी सुटका मला नको आहे.

आता दिवाळी उलटली की अक्का आणि त्यांचा नातू येतात. नातवानं फरशीकामाचं स्वतःचं बस्तान बसवलंय, टेम्पो आहे, कटर आहे आणि या खेपेला त्यानं प्रेशर वॉशर आणला. चालू केला तसा दरजेतली वाळू फवाऱ्यासरशी भिंतीवर उडाली. अक्का ओसरीवरून अशा ओरडल्या की त्यानं हातातली नळी टाकली. मग त्यांनी त्याला नोझल बदलायला लावलं, रुंद पंख्याचं. तिरकं धर, हातभर लांब धर, दरजेवर रोखू नको. यंत्र त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं होतं. शेवाळ मात्र निम्म्या वेळात गेलं, हे त्यांनी दोनदा कबूल केलं. वाळू आम्ही तिघांनी मिळून भरली. चाळण अक्कांची, खराटा माझा.

संध्याकाळी नातवानं छापील बिल काढून दिलं. अक्कांनी ते मला मोठ्यानं वाचायला लावलं. धुलाई, मजुरी, वाहतूक, वाळू.

‘‘वाळू?’’ त्या नातवाकडे वळल्या. ‘‘वाळू बाईंची हाय. खोड ते.’’